महागड्या वस्तू ऑनलाइन विकणे: कमिशन, फसवणूक आणि 'पैसे आले' म्हणजे नक्की काय?

शटरबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, थोडं सामान विकायला काढतोय. एक फुल-फ्रेम कॅमेरा बॉडी, एक मोठी टेलिफोटो लेन्स आणि बॉक्स-कागदपत्रांसकट एक ऑटोमॅटिक घड्याळ. पुस्तकं, ट्रायपॉड, बॅगा असलं किरकोळ सामान ऑनलाइन विकायची सवय आहे. पण एवढ्या किमतीचं काही खोक्यात घालून अनोळखी माणसाला पाठवायचं म्हटलं की हात आखडतो.

दोन गोष्टींनी डोकं खाल्लंय. पहिली कमिशन. लिहिलेलं असतं तेरा टक्के, आणि कापून घेतात वीस, असं जो तो सांगतो. दुसरी फसवणूक, तिच्याबद्दल जितकं वाचावं तितकी झोप उडते. घड्याळाची जाहिरात रात्री एका ठिकाणी टाकली तर सकाळी इनबॉक्स भरलेला. एक जण म्हणतो, 'किंमत मान्य, भाव करत नाही, माझा माणूस येऊन घेऊन जाईल.' दुसरा म्हणतो, 'तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवतो, तेवढा मला सांगा.'

तर सरळ प्रश्न: कमिशन वाचवायला थेट विकावं, की मुकाट्याने कमिशन भरावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खुसपट

कोड मागणाऱ्याला आधी ब्लॉक करा, मग पुढचे प्रतिसाद वाचा.

निनावी_निळू

कोडची काय भानगड असते? मलाही एकाने मागितला होता. दिला नाही, पण कारण कळलं नव्हतं.

खुसपट

त्याला तुमच्या नंबरावर कुठलं तरी खातं उघडायचं असतं. गूगल व्हॉइसच्या नंबरासाठी हा प्रकार बराच चालतो. फोनवर आलेला सहा आकडी कोड तुम्ही दिलात, की तुमच्या नंबराला जोडलेला एक इंटरनेट नंबर त्याच्या ताब्यात जातो आणि पुढची गिऱ्हाइकं तो त्यावरून गंडवतो. नाहीतर सरळ तुमचं मेसेजिंगचं खातंच उचलतो. घड्याळ खरंच घ्यायचं असेल तो माणूस घड्याळाचा सिरियल नंबर विचारेल, सर्व्हिसिंग कधी केलं विचारेल, पट्ट्यात किती कड्या शिल्लक आहेत विचारेल. यातलं काहीच न विचारता 'किंमत मान्य' म्हणणारा माणूस मला तरी कधी खरा निघालेला दिसला नाही.

हिशेबी_काकू

आधी कमिशन घेऊ, कारण ते निदान मोजता येतं.

टक्का वस्तूच्या किमतीवर लागतो असं सगळे धरून चालतात. ईबेवर (वस्तू विकायची अमेरिकी साइट) तो खरेदीदाराने भरलेल्या एकूण रकमेवर लागतो. त्यात किंमत आली, पाठवणावळ आली आणि जिथे साइट विक्रीकर वसूल करते तिथे तो करही आला. समजा वस्तू १०० ची, पाठवणावळ ४, कर ८. एकूण ११२. त्याचे तेरा टक्के म्हणजे १४.५६. करातला छदामही तुमच्या हाती येत नाही, पण त्यावरचं कमिशन तुमच्या खिशातून जातं. वर जाहिरात जास्त लोकांपुढे आणायचं बटण दाबून ५ टक्के कबूल केलेत तर तेही ११२ वरच धरतात, म्हणजे ५.६०. झाले २०.१६. शटरबहाद्दर, तुमचे वीस टक्के इथून येतात.

खरेदीदार परदेशी असेल तर आणखी एक आकार लागतो. आणि पैसे एका चलनातून दुसऱ्यात आले तर खरी कातरी तिथे चालते. बाजारातला दर आणि तुम्हाला लावलेला दर यांतला फरक फी म्हणून वेगळा दाखवतीलच असं नाही, बरेचदा तो दरातच मुरवलेला असतो. पावती नीट वाचणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतो.

आता दुसरी बाजू. महाग वस्तूंच्या काही वर्गांना टप्पे आहेत. ईबेच्या अमेरिकी साइटवर मी शेवटचं बघितलं तेव्हा घड्याळांना पहिल्या १००० डॉलरवर १५ टक्के, त्यापुढे ७५०० पर्यंतच्या रकमेवर ६.५ टक्के आणि त्याच्याही वर ३ टक्के होते. ५००० च्या घड्याळावर १५० अधिक २६० म्हणजे ४१० होतात, सरासरी ८.२ टक्के. कॅमेरे आणि लेन्सना ही पायरी नाही, तिथे सर्वसाधारण तेरा-साडेतेराचा दर पडतो. म्हणजे एकाच साइटवर तुमच्या घड्याळाचं आणि लेन्सचं गणित पार वेगळं. दर वरचेवर बदलतात, तेव्हा विकायला बसाल त्या दिवशी पुन्हा बघा.

एक राहिलंच. पेपालने (ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा) २०१९ पासून रिफंड दिल्यावर आपली फी परत द्यायचं बंद केलंय. सौदा मोडला, वस्तू परत आली, पैसे परत गेले, तरी फी गेली ती गेलीच.

मऊमऊ

काकू __/\__ वाखुसा (वाचनखूण साठवली). करावरही कमिशन कापतात हे आत्ता कळलं.

थेटभेट

हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की कमिशन ही राजरोस लूट आहे. मी महागडं काहीही समोरासमोरच विकतो. बँकेच्या शाखेत भेटायचं, नोटा तिथल्याच काउंटरवर मोजून, तपासून घ्यायच्या आणि खात्यात भरायच्या. घेणारा शटर दाबून बघतो, फोकस बघतो, समाधान झालं की निघतो. कमिशन शून्य, परतीची कटकट शून्य. हाय काय, नाय काय.

हिशेबी_काकू

समोरासमोर भेटणार असाल तर तुमचं म्हणणं मान्यच आहे, थेटभेट. पण मोठ्या टेलिफोटो लेन्सला हाकेच्या अंतरावर गिऱ्हाईक मिळायचं म्हणजे नशीब हवं. मिळालं तरी 'रोख देतोय' म्हणून दहा-पंधरा टक्के तोच पाडून मागतो. ती सूट कुठल्याही पावतीवर येत नाही, म्हणून ती फी वाटत नाही इतकंच.

टिकटिकराव

घड्याळापुरतं बोलतो, बाकी माझा प्रांत नाही.

८.२ टक्के बघून नाक मुरडण्याआधी त्यात काय मिळतं ते बघा. ईबेने २०२० मध्ये महागड्या घड्याळांसाठी पडताळणी सुरू केली. घड्याळ थेट खरेदीदाराकडे जात नाही, आधी तपासनिसांकडे जातं. ते जाहिरातीतल्या वर्णनाशी ताडून बघतात आणि मग पुढे पाठवतात. लोकांना वाटतं ही सोय खरेदीदाराची. नकली घड्याळ पदरात पडू नये म्हणून ती आहेच, पण विकणाऱ्याला तिचा खरा उपयोग परतीच्या वेळी होतो. परत येणारं घड्याळही तपासनिसांकडूनच येतं. गेलं तेच परत आलं का, हे तिसरा माणूस ठरवतो.

याची किंमत कळायची तर अदलाबदलीचा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. त्या माणसाकडे तेच मॉडेल आधीच असतं, फक्त बिघडलेलं. तुमचं चांगलं घेतो, दोन दिवसांनी 'वेळ पाळत नाही, आतून गंजलंय' अशी तक्रार टाकतो, आणि परतीच्या खोक्यात आपलं बिघडलेलं भरतो. त्याहून बेरकी लोक केस आणि डायल तुमचीच ठेवतात, आतलं मशीन तेवढं बदलतात. मागचं झाकण उघडल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही. माझ्या ओळखीच्या एकाला एका साइटवरून परत आलेलं घड्याळ असंच मिळालं. त्याच्याकडे झाकण उघडून काढलेले आधीचे फोटो होते, मशीनवरचा नंबर दिसत होता. तरी साइटचा कारभार असा, की आठवडाभर त्यांचा प्रतिनिधी 'बाहेरून तर तेच दिसतंय' एवढंच लिहीत राहिला.

'परत घेतले जाणार नाही' असं जाहिरातीत लिहिलं की आपण सुटलो, हाही एक गोड गैरसमज आहे. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार ३० दिवसांत आली तर तुम्ही काय लिहिलं होतं याला सहसा काही अर्थ नाही.

निनावी_निळू

पण असल्या खरेदीदाराला आपण वाईट शेरा देऊ शकतोच ना? पुढच्या माणसाला तरी कळेल.

टिकटिकराव

२००८ पासून नाही. ईबेवर विक्रेता खरेदीदाराला फक्त चांगलाच शेरा देऊ शकतो. त्यामुळे खरेदीदाराच्या नावापुढचे शंभर टक्के बघून हुरळून जाऊ नका. सगळ्यांनाच शंभर टक्के असतात.

उलटतपासणी

पोटापाण्याचा धंदा कार्डावरच्या तक्रारी निस्तरण्याचा आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

प्रत्येक विक्रेता विचारतो, 'पैसे आले का?' महागडी वस्तू असेल तर त्याच्या जोडीला आणखी एक विचारा: आलेले पैसे कोण परत ओढू शकतो आणि कधीपर्यंत? या एका प्रश्नावर सगळे पर्याय घासून बघा. कुठलं कमिशन महाग आणि कुठलं स्वस्त, ते आपोआप दिसायला लागतं.

कार्डाचं उदाहरण घ्या. खात्यात रक्कम दिसते ती पक्की नसते. व्हिसा कार्डाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि कित्येक प्रकरणांत ती वस्तू मिळाली किंवा मिळायला हवी होती त्या दिवसापासून मोजतात. तक्रारी मुळात तीन जातीच्या. 'हा व्यवहार मी केलाच नाही', 'वस्तू मिळालीच नाही' आणि 'मिळाली, पण सांगितली तशी नाही'. पहिल्या जातीला उतारा आहे. पैसे भरताना खरेदीदाराच्या बँकेने ओटीपी किंवा अ‍ॅपवरून खात्री करून घेतली असेल, म्हणजे ज्याला ३-डी सिक्युअर म्हणतात ते झालं असेल, तर 'मी केलाच नाही' चा भुर्दंड सहसा त्या बँकेवर जातो. दुसरीला डिलिव्हरीचा आणि सहीचा पुरावा चालतो. तिसरीला मात्र धड उतारा नाही. तिथे तुमचा शब्द, त्याचा शब्द आणि कागद कुणाचे जास्त, एवढाच खेळ. हरलात तर रक्कम गेली, वस्तू बहुधा गेली आणि वर तक्रार हाताळायची फी.

पेपालवर खरेदीदाराला तक्रारीसाठी १८० दिवस मिळतात. त्यांचं विक्रेता संरक्षण पहिल्या दोन जातींनाच आहे, तिसरीला नाही, आणि तेही अटींवर. व्यवहारात जो पत्ता दिसतो त्यावरच माल गेला पाहिजे, आणि ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेला पोचवताना सही घेतलेली हवी. 'माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा ना, मी त्या दिवशी घरी नाही' असा गोड मेसेज आला आणि तुम्ही माणुसकीने ऐकलंत, की ते संरक्षण तिथेच संपलं. माल वाटेत असताना कुरियरला फोन करून पत्ता फिरवणारेही असतात. पत्ता बदलायची मुभा पाठवतानाच बंद करून घेता येत असेल तर घ्या.

पेपालचा 'मित्र आणि कुटुंबीय' हा पर्याय विक्रेत्यांना आवडतो, कारण त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. वस्तू विकायला तो वापरणं नियमाबाहेर आहे ही एक गोष्ट. शिवाय पैसे चोरलेल्या खात्यातून आले असतील तर ते तिथूनही मागे जातात.

बँकेतून थेट आलेले पैसे त्यातल्या त्यात पक्के. पाठवणारा मनात आलं म्हणून ते ओढू शकत नाही. पण 'पाठवणारा' म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न उरतोच. त्यावर इथे कुणीतरी लिहीलच.

बिनधास्त_बाई

लिहिते मीच, कारण हे माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलंय.

त्याने लॅपटॉप विकायला लावला. एकाने फोन केला, फोटो मागितले, जास्तीचे फोटो मागितले, अनुक्रमांकासकट व्हिडिओ मागितला. चौकस माणूस, भावालाही बरं वाटलं. त्या पठ्ठ्याने हेच फोटो आणि हाच व्हिडिओ वापरून दुसरीकडे तोच लॅपटॉप स्वस्तात विकायला लावला. तिथे एक तिसरा माणूस गळाला लागला. पठ्ठ्याने त्याला पैसे भरायला खातं दिलं ते माझ्या भावाचं. तिसऱ्याने पैसे भरले, भावाच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा. बँकेचा मेसेज खरा, शिल्लक खरी, सगळं खरं. 'माझा माणूस पाठवतो' म्हणून कुणीतरी आला, लॅपटॉप घेऊन गेला.

तिसऱ्या माणसाला लॅपटॉप कधीच मिळाला नाही. त्याने तक्रार केली ती ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्यावर. भावाचं खातं गोठलं. लॅपटॉप गेला, पैसे अडकले आणि चोर म्हणून नाव याचंच. तो पठ्ठ्या कुठल्याच कागदावर नाही!

म्हणून धाग्यातलं 'माझा माणूस येऊन घेऊन जाईल' वाचून अंगावर काटा आला. पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव, तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव आणि वस्तू घ्यायला आलेल्याचं ओळखपत्र, तिन्ही जुळली तरच वस्तू द्या. आणि पैसे येण्याआधी त्या खातेदाराशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला, 'तुम्ही काय घेताय आणि कितीला' एवढं त्याच्या तोंडून ऐका. तिसऱ्या माणसाला किंमत वेगळी सांगितलेली असते. तिथे बिंग फुटतं.

शटरबहाद्दर

बापरे. बिनधास्त_बाई, त्या 'माझा माणूस' वाल्याला आत्ताच विचारलं की पैसे तुमच्याच खात्यातून येणार का. 'का? पैशाशी मतलब ठेवा' असं उत्तर आलं.

खुसपट

झालं तर मग.

थेटभेट

हे मात्र मलाही नवीन. मी रोखीवाला, पण खात्यावर पैसे घेऊन वस्तू दिल्याचे प्रसंग आहेत. बाईंचा व्हिडिओ कॉलचा मुद्दा उचलतोय.

निनावी_निळू

मग चेक? बँकेने स्वतः काढलेला चेक तर पक्का असतो ना?

उलटतपासणी

खरा असेल तर. अमेरिकेत असे चेक भरल्यावर बँकेला कायद्याने पैसे लगेच, बरेचदा दुसऱ्याच कामाच्या दिवशी वापरायला द्यावे लागतात. छापलेला चेक बनावट आहे हे कळायला कधी कधी आठवडे जातात. मधल्या काळात शिल्लक फुगलेली दिसते, आणि ठग नेमका तोच काळ वापरतो. चेक मुद्दाम जास्त रकमेचा देतो, 'वरचे पैसे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा' म्हणतो. चेक उलटला की सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवलेले तुमचे खरे पैसे गायब. नियम सोपा: कोणी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले तर व्यवहार तिथेच थांबवा. जगात चुकून जास्त पैसे देणारी माणसं फार कमी आहेत.

खुसपट

त्याच माळेतला आणखी एक मणी. ईमेल येतो: 'पैसे जमा झाले आहेत, होल्डवर आहेत, ट्रॅकिंग नंबर टाकलात की सुटतील.' यातली मेख अशी की नव्या विक्रेत्यांचे पैसे पेपाल आणि ईबे खरोखरच होल्डवर ठेवतात. म्हणून लोक फसतात. फरक एवढाच: खरा होल्ड तुम्ही स्वतः पत्ता टाइप करून, लॉगिन करून आत गेलात की खात्यात दिसतो. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून बघायचा नाही. तिथे जे दिसेल ते त्याने तुमच्यासाठी सजवलेलं असतं.

एस्क्रोचंही तेच. कल्पना उत्तम आहे. पैसे तिसऱ्याकडे जमा, वस्तू पोचली, तपासली, मग पैसे मोकळे. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हेच करतंय, आणि क्रोनो२४ सारख्या घड्याळांच्या बाजारात ही सोय आतच असते. पण खरेदीदाराने 'आपण अमुक एस्क्रोने करू' म्हणून न ऐकलेलं नाव पुढे केलं तर ती साइट त्याचीच असायची शक्यता दाट. एस्क्रो तुम्ही सुचवा आणि त्याचा चेहरा बघा.

मऊमऊ

पैसे *घ्यायला* क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणणारे पण! पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे माझ्या सुशिक्षित मैत्रिणीलाही पटकन सुचलं नव्हतं.

गंमतजंमत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पेटीवाला

पाठवण्यावर कुणीच लिहिलं नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

कुरियरच्या फॉर्मवर किंमत जाहीर केली म्हणजे विमा झाला, असं नसतं. फेडएक्स आणि यूपीएस, दोघांचीही अमेरिकेत काहीच जाहीर न करता जबाबदारी १०० डॉलरपर्यंत असते. जाहीर केली तर त्यांच्या जबाबदारीची मर्यादा वाढते, पण तोही विमा नव्हे, आणि दागिने वगैरे मौल्यवान मालाला फेडएक्सची वरची मर्यादा १००० डॉलर आहे. मग तुम्ही ५००० लिहा नाहीतर ५०,००० लिहा. ज्यादा पैसे भरून ५००० जाहीर करणारे आणि पाकीट हरवल्यावर नियमावली वाचणारे लोक मी रोज बघतो. महागडी वस्तू असेल तर बाहेरचा, त्या वस्तूचं नाव घेऊन केलेला विमा काढा आणि त्यात काय काय वगळलंय ते आधी वाचा. 'अपुरं पॅकिंग' हे कलम बहुतेकांत असतं.

पॅकिंगचा व्हिडिओ काढा, पण लोक काढतात तसा नको. कापाकापी न करता एकच सलग व्हिडिओ: वस्तूवरचा सिरियल नंबर जवळून, वस्तू खोक्यात, खोकं बंद, लेबल चिकटवलं, त्यावरचा ट्रॅकिंग नंबर वाचता येतोय, आणि तेच खोकं वजनकाट्यावर. कुरियरच्या पावतीवरचं वजन या वजनाशी जुळलं पाहिजे. 'रिकामं खोकं आलं' किंवा 'आत वीट निघाली' अशी तक्रार आली तर व्हिडिओपेक्षा ते पावतीवरचं वजन जास्त कामाला येतं, कारण ते तुम्ही लिहिलेलं नसतं. खोक्यावर बाहेर 'कॅमेरा', 'घड्याळ' असं काही लिहू नका. ब्रँडचं छापील खोकं दुसऱ्या साध्या खोक्यात घाला.

आणि चिकटपट्टीवर, शिवणीवरून आरपार, पेनाने एक रेघ किंवा सही मारा. वाटेत उघडलं तर रेघ पुन्हा जुळत नाही.

टिकटिकराव

अवांतर: होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात कसा गेला माहीत आहे? १९५८ मध्ये जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने तो साध्या टपालाने, रजिस्टर करून पाठवला. खर्च १४५ डॉलर २९ सेंट, त्यातलं टपाल जेमतेम अडीच डॉलर, बाकी सगळा दहा लाखांच्या विम्याचा हप्ता. पेटीवाला म्हणतात ते तेव्हाही खरं होतं, पैसे पोचवायचे नसतात, विम्याचे असतात.

पेटीवाला

हाहा. तिथलं रजिस्टर्ड टपाल अजूनही ५०,००० डॉलरपर्यंत विम्यासकट जातं. हळू जातं, कारण प्रत्येक टप्प्यावर हातातून हातात सही करून देतात. मी स्वतःचं काही पाठवायचं झालं तर हळूच पाठवीन.

शटरबहाद्दर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सिरियल नंबरचं विचारायचं होतं. जाहिरातीत पूर्ण टाकावा का? खुसपट म्हणतात खरा खरेदीदार विचारतो, आणि बाईंच्या भावाला नेमक्या त्याच व्हिडिओने गोत्यात आणलं.

टिकटिकराव

जाहिरातीत शेवटचे तीन-चार आकडे झाका. पूर्ण नंबर मिळाला की कोणी त्यावर बनावट वॉरंटी कार्ड करतो, कोणी तुमचीच जाहिरात उचलून आपली म्हणून लावतो. फोटोत घड्याळाशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं इथलं टोपणनाव लिहून ठेवा, कागदाचा कोपरा वस्तूखाली जाईल असा. तो फोटो उचलून दुसऱ्याला वापरता येत नाही. पूर्ण नंबर व्यवहार ठरल्यावर, साइटच्या संदेशांतूनच द्या. फोनवर किंवा बाहेरच्या मेसेजवर नको, तिथलं बोलणं तक्रारीच्या वेळी साइट बघतही नाही.

कॅमेऱ्याबद्दल: शटर काउंटचा (आजवर शटर किती वेळा उडालंय त्या आकड्याचा) स्क्रीनशॉट, सेन्सरवरचा एखादा डाग असेल तर तोही फोटोत. दोष लपवला नाही तर 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणायला जागा कमी उरते. मी तर घड्याळावरचा ओरखडा भिंगाखाली काढतो आणि पहिल्याच फोटोत लावतो. दोन गिऱ्हाइकं कमी येतात, जी येतात ती भांडत नाहीत.

थेटभेट

एवढी सगळी उस्तवार करण्यापेक्षा एखाद्या डीलरला देऊन मोकळं व्हावं की.

हिशेबी_काकू

तोही पर्याय आहेच, नाक मुरडण्यासारखा नाही. डीलर भाव कमी देतो, कारण वर उलटतपासणींनी लिहिलेली सगळी जोखीम तो विकत घेतो. लेन्सचं मी असं करीन: डीलरचा लेखी भाव आधी घ्यायचा, तो पाया धरायचा. साइटवर अपेक्षित किंमत उणे सगळं कमिशन, उणे विमा. त्यात आणि डीलरच्या भावात पाच-सात टक्क्यांचाच फरक उरत असेल तर १८० दिवस जीव टांगणीला लावायची मला तरी हौस नाही. फरक वीस टक्के असेल तर साइटवर विकीन.

लिलावगृहाचं कमिशन मात्र दोन्हीकडून असतं, हे विसरू नका. विकणाऱ्याकडून वेगळं आणि घेणाऱ्याकडून वेगळं. क्रिस्टीजसारख्या मोठ्यांकडे घेणाऱ्याचा भाग पंचवीस टक्क्यांच्या वर जातो. घेणारा बोली लावताना ते मनात धरूनच लावतो, म्हणजे शेवटी तेही तुमच्याच किमतीतून जातं.

जाता जाता, युरोपीय संघात २०२३ पासून साइटना वर्षाला ३० विक्री किंवा २००० युरोच्या वर गेलेल्या विक्रेत्यांची माहिती कर खात्याला द्यावी लागते. तिथे राहणाऱ्यांनी पावत्या जपून ठेवा. आपली वापरलेली वस्तू तोट्यात विकली हे दाखवायला मूळ खरेदीची पावती लागेल.

शटरबहाद्दर

अपडेट. लेन्सला डीलरने दिलेला भाव आणि साइटवरचा निव्वळ आकडा काकूंच्या पद्धतीने मांडला, फरक नगण्य निघाला. लेन्स डीलरला दिली. बॉडी ओळखीतल्याच एकाने समोरासमोर घेतली, बँकेत भेटून (थेटभेट, तुमचा विजय असो). घड्याळ पडताळणीवाल्या साइटवर लावलं होतं, ते आज विकलं गेलं, पैसेही भरले गेले.

आणि लगेच खरेदीदाराचा मेसेज: 'पत्ता जुना आहे, नव्या पत्त्यावर पाठवाल का?' भाषा सभ्य आहे, खातं जुनं आहे. खरंच घर बदललेलं असू शकतं. काय करू?

उलटतपासणी

असू शकतं. खरा असेल तर त्याला फार त्रास नाही, दोन मिनिटांचं काम आहे. खात्यातला पत्ता बदलून त्याने पुन्हा खरेदी करावी. ही ऑर्डर तुम्ही रद्द करा, मेसेज साइटवरच ठेवा.

टिकटिकराव

रद्द करताना कारण नीट निवडा. 'खरेदीदाराच्या पत्त्यात अडचण' असा पर्याय असतो, तोच घ्या. घाईत 'माल शिल्लक नाही' दाबलंत तर तो डाग तुमच्या खात्यावर चढतो.

शटरबहाद्दर

रद्द केली, पत्त्याचंच कारण दिलं. त्याला लिहिलंय की पुन्हा घ्या, घड्याळ दोन दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतो. अजून उत्तर नाही.